मोटारीचें धुरांडें सैल कां होतें?

मोटार ही आतां केवळ श्रीमंतांची वस्तु राहिलेली नाहीं. आपल्या शहरांतील पुष्कळ मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या दारांत एखादी लहान मोटार उभी असते. आणि ती बहुधा नवी नसते, दहा-बारा वर्षें वापरलेली, कित्येकदां दुसऱ्याकडून विकत घेतलेली असते. अशा मोटारीची निगा घरच्या घरीं राखण्याकडे तरुण मंडळींचा ओढा अलीकडे वाढला आहे. सुटे भाग घरपोंच येतात, पान्यांचा संच बाजारांत सहज मिळतो, आणि काम कसें करावें हें दाखविणारीं चलच्चित्रेंही बसल्या जागीं पाहावयास मिळतात. ही प्रवृत्ति मला स्तुत्य वाटते. ज्या यंत्रावर आपण आपल्या बायकामुलांचा जीव सोंपवितों, त्या यंत्राच्या पोटांत काय आहे हें माणसानें एकदां तरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे.

परंतु घरीं होणाऱ्या या कामांपैकीं एक काम असें आहे कीं, तें पुरें झाल्यावर पहिले आठ दिवस सर्वांना समाधान वाटतें, आणि नवव्या दिवशीं गाडीखालून खडखड ऐकूं येऊं लागते. तें काम म्हणजे धुरांडें बदलणें. धुरांडें हा शब्द मीं मुद्दाम योजला आहे. कारागीर लोक या सबंध नळालाच सायलेन्सर म्हणतात. पण सायलेन्सर हा त्याचा केवळ एक अवयव आहे, आणि दोष बहुधा त्या अवयवांत नसतो.

खडखड सुरू झाली कीं तो गृहस्थ पुन्हां गाडीखालीं शिरतो, पान्याला लांब नळी जोडून जोर वाढवितो आणि दांतओठ खाऊन नट आवळतो. चार दिवस शांतता नांदते. पांचव्या दिवशीं पुन्हां तीच खडखड! अखेर त्याची अशी समजूत होते कीं, एक तर विकत आणलेला भाग हलका, नाहीं तर आपल्या मनगटांत जोर नाहीं. या दोन्ही समजुती बहुतेक प्रसंगीं चुकीच्या असतात. घरीं बसविलेलें धुरांडें पुन्हां पुन्हां सैल होतें, तें बहुतकरून कमी आवळल्यामुळें नव्हे, तर ताणून बसविल्यामुळें होय. आजच्या भाषणांत या एका वाक्याचाच उलगडा मी करणार आहें.

प्रथम हें धुरांडें म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांत पेट्रोल जळतें, आणि जळून झालेला तप्त वायु एका झडपेवाटें बाहेर लोटला जातो. सर्व सिलिंडरांतून येणारा हा वायु एकत्र करणारी एक अनेक तोंडांची नळी इंजिनालाच जोडलेली असते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. तेथून पुढची नळी खालीं उतरते आणि गाडीच्या पोटाखालून मागें जाते. वाटेंत तिला एक डबा लागतो. त्याच्या आंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं बारीक छिद्रें असून त्यांवर प्लॅटिनमच्या जातीच्या मौल्यवान धातूंचा लेप असतो, आणि त्याच्या स्पर्शानें विषारी वायूंचें बरेंचसें शमन होतें. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होय. आपल्या देशांत एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि पुढें सर्वत्र रूढ झाला. त्याच्या मागें खरा सायलेन्सर येतो. त्यांत पडदे घालून कप्पे केलेले असतात व नळ्यांना भोंकें पाडलेलीं असतात; आवाजाच्या लाटा तेथें आपटून, परतून, एकमेकींत मिसळून क्षीण होतात. अमेरिकेंतील रीव्ह्ज बंधूंनीं १८९७ सालीं अशा साधनाचें पेटंट घेतलें. म्हणजे मोटारीच्या बाल्यावस्थेपासूनच तिच्या आवाजाला लगाम घालण्याची खटपट चालू आहे. सायलेन्सराच्या मागें शेपटासारखी आंखूड नळी असते, आणि तेथें हा सगळा लांबलचक प्रपंच संपतो.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. या नळाचें पुढचें टोंक इंजिनाला पक्कें जखडलेलें असतें. परंतु उरलेला सर्व नळ गाडीच्या तळाला जखडलेला नसतो, तर जाड रबरी कड्यांनीं टांगलेला असतो. टांगलेला हा शब्द महत्त्वाचा आहे. पाळणा जसा आढ्याला टांगलेला असतो, तसें हें धुरांडें गाडीला टांगलेलें असतें. पाळण्याच्या दोऱ्या ताणून बाजूच्या भिंतीला खिळल्या, तर तो पाळणा राहील काय? आणि मूल झोंके घेऊं लागतांच पहिल्यानें काय निसटेल? भिंतीतला खिळाच निसटेल. धुरांड्याचें नेमकें असेंच आहे.

तें टांगण्याची गरज काय, असें कोणी विचारील. याचें उत्तर त्याच्या तीन शत्रूंत आहे. उष्णता, कंप आणि पाणी हे ते तीन शत्रु.

पहिला शत्रु उष्णता. इंजिनावर पूर्ण भार असतां सिलिंडरांतून निघणारा वायु ७००-८०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. मागें जातां जातां तो निवतो. पोलादाची एक मीटर लांबीची नळी एक अंशानें तापली तर सुमारें ०.०१२ मिलिमीटरनें वाढते. ही वाढ अगदींच क्षुल्लक दिसते. परंतु नळाची लांबी ३ मीटर धरा आणि त्याचें तापमान सरासरी ३०० अंशांनीं चढलें असें समजा. गुणाकार करून पाहा. उत्तर १०.८ मिलिमीटर येईल. म्हणजे गाडी सुरू करून हमरस्त्याला लागेपर्यंत हें धुरांडें एका सेंटिमीटरहून अधिक लांब झालेलें असतें, आणि रात्रीं दारांत उभी राहिली कीं तें पुन्हां आपल्या मूळ लांबीवर येतें. गाडी बंद केल्यावर खालून जो टिक् टिक् आवाज येतो, तो या आंखडण्याचाच. ही वाढ रोखण्याची शक्ति कोणत्याही नटांत नाहीं. तिला वाट देणें एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि ती वाट म्हणजे रबरी कडी.

दुसरा शत्रु कंप. चार सिलिंडरांच्या नेहमींच्या इंजिनांत दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,०००, म्हणजे सेकंदाला १०० हिसके त्या नळाला बसतात. शिवाय आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन आडवें बसविलेलें असून तें स्वतः रबरी पायांवर उभें असतें. वेग वाढवितांना तें एका बाजूस झुकतें, वेग सोडतांच दुसऱ्या बाजूस झुकतें, आणि दर झुकण्याबरोबर धुरांड्याचें पुढचें टोंक ओढतें. याचसाठीं पुढच्या भागांत तारेच्या जाळीचें वेष्टण असलेली एक लवचीक नळी घातलेली असते. ती मनगटाप्रमाणें वळते, म्हणून मागचा हात स्थिर राहतो.

आतां नट आपोआप कां फिरतो, या प्रश्नाकडे वळूं. गेरहार्ड युंकर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें या प्रश्नासंबंधींचे आपले प्रयोग १९६९ सालीं प्रसिद्ध केले. बोल्टाच्या लांबीच्या दिशेनें बसणाऱ्या हिसक्यांपेक्षां, जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले म्हणजे नट फार लवकर उलटा फिरतो, असें त्यानें दाखवून दिलें. असें आडवें सरकणें चालूं असलें तर खालीं स्प्रिंगवॉशर घालूनही विशेष उपयोग होत नाहीं. हें एकदां समजलें म्हणजे धुरांड्याचें सर्व कोडें उलगडतें. नळ ताणून बसविला, कीं त्याचा सांधा किंचित् तिरका बसतो. तो तापून लांब होऊं पाहतो, त्याला सरळ वाट मिळत नाहीं, म्हणून तो सांध्यांतच आडवा सरकतो. निवला कीं उलट सरकतो. वर सेकंदाला शंभर हिसके आहेतच. मग नट सैल न होईल तर काय होईल?

तिसरा शत्रु पाणी. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. लांबच्या प्रवासांत नळ तापलेला असल्यामुळें ही वाफ निघून जाते. परंतु शाळा, मंडई, बँक असे दोन-दोन किलोमीटरांचे फेरे घालणाऱ्या गाडींत ती सायलेन्सराच्या पोटांतच थिजते आणि आंतून गंज धरतो. म्हणून कमी चाललेल्या गाडीचें धुरांडें पुष्कळ चाललेल्या गाडीच्या आधीं कुजलेलें पाहून नवल करूं नये. कोंकणांत आणि समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत खारी हवा बाहेरूनही आपलें काम करीत असते. गंजलेल्या बोल्टाचे आटे खाल्ले गेले, कीं तो आवळला जातो असें वाटतें खरें, पण त्याची पकड नाममात्र असते.

हें सर्व एका घरांत प्रत्यक्ष कसें घडलें तें सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी हिशेबनिसाचें काम करतो. सुटीच्या दिवशीं हातांत पाना घेतल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. त्यानें आपल्या गाडीच्या धुरांड्याचा मधला व मागचा भाग घरींच बदलला. पुढून सुरुवात करून एकेक सांधा त्यानें पक्का आवळीत नेला. शेवटीं मागची रबरी कडी आंकड्याला बोटभर कमी पडली. तेव्हां त्यानें पहारेचा आधार देऊन नळ मागें रेटला आणि कडी आंकड्यांत घातली. काम झालें. आठवड्यानें खडखड सुरू झाली. त्यानें मागची पट्टी आवळली. पुन्हां खडखड झाली, पुन्हां आवळली. तिसऱ्या खेपेस त्यानें लोखंडी तार घेऊन मागचा नळ गाडीच्या तळाला घट्ट बांधून टाकला, आणि आवाज खरोखरच थांबला.

पुढें पावसाळ्यांत ही मंडळी कोंकणांत निघाली. पाऊस असल्यामुळें कांचा बंद होत्या. घांट उतरूं लागल्यावर मागें बसलेल्या त्याच्या आईचें डोकें दुखूं लागलें, मुलगी पेंगुळली आणि मग तिला उलटी झाली. गाडी लागली असें सर्वांनीं ठरविलें. आलेपाक झाला, लिंबू झालें. परततांना पुन्हां तोच प्रकार. तेव्हां म्हातारी म्हणाली, ‘‘अरे, माझा सगळा जन्म एस्टींतून घांट चढण्या-उतरण्यांत गेला, मला कधीं गाडी लागली नाहीं. आणि खालीं उतरून उभी राहिलें कीं डोकें उतरतें, आंत बसलें कीं चढतें. ही कसली गाडी लागणें?’’ त्या माउलीच्या या दोन वाक्यांनीं, मला वाटतें, एका कुटुंबावरचें गंडांतर टळलें. मुलगा शहाणा, त्यानें तेथेंच सर्व कांचा उघडल्या, आणि पावसांत भिजत पण सुखरूप मंडळी घरीं आली.

दुसऱ्या दिवशीं तो माझ्याकडे आला. ‘‘सर, मागचा नट तर अजून पक्का आहे,’’ हें त्याचें पहिलें वाक्य. मी म्हटलें, ‘‘मागचें राहूं दे, पुढें पाहा.’’ विजेरी घेऊन तो खालीं शिरला, आणि पुढच्या सांध्याभोंवतीं काजळीचा काळा पट्टा त्याला दिसला. कन्व्हर्टराच्या अलीकडच्या त्या सांध्यांतून वायु सुटत होता, आणि वर तळाच्या पत्र्यांतील एक रबरी बूच केव्हांच गळून पडलेलें होतें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार झाला होता. मागें तार आवळून बांधल्यामुळें सर्व ताण पुढच्या सांध्यावर आला होता. आवाज थांबला म्हणून दुखणें बरें झालें असें त्याला वाटलें. वस्तुतः दुखण्यानें आपली जागा मात्र बदलली होती.

मग त्यानें सर्व नट सैल केले. एकही आवळलेला ठेवला नाहीं. नळ आपल्या वजनानें आपल्या जागीं येऊन टांगला, तेव्हां खरी गोम कळली: मधली नळी पुढच्या नळीच्या तोंडांत बोटभर जास्त आंत शिरलेली होती. मागें जें बोटभर कमी पडत होतें, तें हेंच बोट! ती नळी बोटभर बाहेर घेतांच मागची कडी हातानें सहज आंकड्यांत बसली. पहारेचें कामच पडलें नाहीं. नवें पॅकिंग आणि नव्या रबरी कड्या घातल्या, तळाच्या भोंकाला बूच बसविलें. त्याला आतां दोन पावसाळे लोटले. पान्याला पुन्हां हात लावावा लागलेला नाहीं.

यावरून कामाची योग्य रीति आपोआपच निघते. ती क्रमानें सांगतों.

गाडी पूर्ण निवलेली असावी. ती सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हातब्रेक लावावा, चाकांना अडण द्यावें. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, उचलून धरण्यासाठीं नाहीं. म्हणून ती भक्कम पोलादी आधारांवर टेंकविल्यावांचून कोणीही तिच्याखालीं शिरूं नये. विटांची रास हा आधार नव्हे. वीट भाराखालीं पूर्वसूचना न देतां फुटते. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण पहिल्या ठोक्याबरोबर गंजाचा चुरा खालीं येतो.

नंतर सर्व भाग नुसते अडकवावे. रबरी कड्या सगळ्या घालाव्या, नळ्या एकमेकींत सुचविलेल्या खोलीइतक्या, साधारणपणें दीड ते दोन इंच, सराव्या, बोल्ट बोटांनीं फिरवून ठेवावे. या अवस्थेंत मागें सरून पाहावें. नळ कोठें गाडीच्या तळाला, आंसाला किंवा पेट्रोलच्या टांकीला चिकटत नाहीं ना? सर्व बाजूंनीं निदान दोन बोटें मोकळीं असावीं. कड्या सरळ लोंबत आहेत कीं एका बाजूस ओढल्या गेल्या आहेत? ओढलेली कडी म्हणजे ताणलेला नळ. हातानें नळ हलवून पाहावा. तो थोडा डुलावा आणि पुन्हां आपल्या जागीं यावा. एवढें जमलें म्हणजे अर्ध्याहून अधिक काम झालें.

मगच आवळण्यास प्रारंभ करावा, आणि तो इंजिनाकडून मागें करीत यावा. दोन बोल्टांच्या सांध्यांत एक पुरता आवळून मग दुसऱ्याकडे वळूं नये. आळीपाळीनें थोडथोडे आवळावे, म्हणजे सांधा तिरका बसत नाहीं. जुनें पॅकिंग पुन्हां वापरूं नये. तें एकदां दाबलें गेलें, त्याची लवचिकता संपली. कांहीं गाड्यांत पुढच्या सांध्याला स्प्रिंगा असलेले बोल्ट असतात. त्या स्प्रिंगा पूर्ण दाबून टाकणें म्हणजे सांध्याची मान मोडणें आहे. त्यांनीं दबून-उठून सांध्याला हलूं द्यावें हाच त्यांचा हेतु. नट किती आवळावा याचा आंकडा उत्पादकाच्या पुस्तिकेंत दिलेला असतो, तो पाळावा. अति तेथें माती ही म्हण नटालाही लागूं आहे. त्यापलीकडे जोर केला कीं बोल्ट ताणला जातो, आटे झिजतात, पट्टीखालची नळी चेपते, आणि पुढच्या खेपेस तो जोड धड आवळतही नाहीं आणि सुटतही नाहीं.

शेवटीं गाडी पंधरावीस मिनिटें चालवून आणावी, पूर्ण निवूं द्यावी, आणि सर्व नट एकदां तपासावे. पुन्हां शेंपन्नास किलोमीटर झाल्यावर एकदां तपासावे. नवें पॅकिंग उष्णतेनें बसतें, म्हणून हें एक-दोनदां आवळणें रीतसर आहे. परंतु तिसऱ्यांदा आवळण्याची पाळी आली, तर पाना खालीं ठेवावा आणि ताण कोठें आहे तें शोधावें.

सामानाविषयीं दोन शब्द. ज्या नटांत नायलॉनचें कडें असतें, ते इतरत्र उत्तम. पण येथें तें कडें वितळून जातें. येथें सबंध धातूचेच, स्वतः घट्ट बसणारे नट पाहिजेत. रबरी कडी तुटली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधण्याची आपल्याकडे चाल आहे. ती गांव गांठण्यापुरती ठीक, कारण तें रबर उष्णतेपुढें टिकत नाहीं. तारेसंबंधीं तर मीं सांगितलेंच. तारेनें नळ लोंबकळण्याचें थांबतें, पण त्याचें हलणें थांबविल्यामुळें सर्व हिसके सांध्यांत आणि गाडीच्या तळांत उतरतात. वाटेंत तार बांधावी लागली तर बांधावी, पण घरीं आल्यावर पहिलें काम ती काढण्याचें करावें.

मोटारसायकल व स्कूटर यांनाही हाच न्याय आहे. तेथें पुढचे दोन नट इंजिनाशीं आणि एक-दोन बोल्ट मागें असतात. मागचा बोल्ट प्रथम आवळून मग पुढचा सांधा ओढून जुळविला, तर पुढचें पॅकिंग फुटतें किंवा मागचा कान तडकतो. सर्व सैल लावावें, प्रथम पुढचे दोन्ही नट सारखे आवळावे, मग मागें यावें. कानठळ्या बसविणारे सायलेन्सर हौसेनें बसविणाऱ्या तरुणांना एवढेंच सांगतों कीं, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमानें आवाज कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक मोटार-वाहनाला आवश्यक केला आहे. तो नियम शेजारच्या घरांतील आजाऱ्यासाठीं आणि तान्ह्या मुलासाठीं आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा रूक्ष विषय निवडला, तिच्याकडे येतों. धुरांडें सैल झालें म्हणजे आवाज होतो, हा उपद्रव खरा. पण तो किरकोळ आहे. खरा धोका मुक्यानें येतो. पेट्रोल अपुरें जळलें कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या आवडीनें धरतें, त्याच्या दोनशेंपटींहून अधिक आवडीनें या वायूला धरतें. त्यामुळें श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवांचून राहतें. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञानें १८९६ सालीं कोळशाच्या खाणींतील स्फोटांसंबंधींच्या अहवालांत असें दाखविलें कीं, पुष्कळ कामगार स्फोटाच्या आघातानें नव्हे, तर नंतर पसरणाऱ्या या वायूनें मेले. खाणींत पिंजऱ्यांतले लहान पक्षी नेण्याची प्रथा त्याच्याच सूचनेवरून पडली. पक्षी माणसाच्या आधीं कोसळतो, म्हणून माणसाला पळण्यास अवधि मिळतो. याच हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले, हें आपल्यापैकीं कित्येकांना ठाऊक असेल.

आपल्या मोटारींत पिंजरा नाहीं. म्हणून मंडळींनींच एकमेकांकडे लक्ष ठेवलें पाहिजे. डोकेंदुखी, चक्कर, मळमळ, सुस्ती हीं या वायूचीं पहिलीं चिन्हें आहेत, आणि गाडी लागण्याचींही चिन्हें जवळजवळ तींच. फरक कसा ओळखावा? एकाच वेळीं दोघां-तिघांना त्रास होऊं लागला, नेहमीं ज्यांना गाडी लागत नाहीं त्यांना लागली, आणि खालीं उतरून मोकळ्या हवेंत उभें राहतांच बरें वाटूं लागलें, तर तें घांटाचें वळण नसून गाडीचें धुरांडें असण्याचा फार संभव आहे. अशा वेळीं गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, सर्वांनीं बाहेर यावें, आणि कोणी फार पेंगुळला किंवा बेशुद्ध झाला असेल तर विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. त्याला प्राणवायूची गरज असते. झोंप लागली आहे, निजूं द्या, असें म्हणूं नये. बंद गराजांत इंजिन चालू ठेवून खालीं काम करणें तर प्रत्यक्ष मृत्यूला आमंत्रण आहे.

दुसरा धोका दुसऱ्याच्या जिवाला आहे. टांगलेला नळ सुटून रस्त्यावर पडला, तर आपली गाडी पुढें निघून जाते. पण मागून येणाऱ्या दुचाकीच्या चाकाखालीं तो तापलेला लोखंडी ओंडका येतो. आपल्या गाडीखालचा एक नट हा अशा रीतीनें एका अनोळखी माणसाच्या घराशीं जोडलेला आहे.

म्हणून गाडी न चालविणाऱ्यांनींही कांहीं खुणा ध्यानांत ठेवाव्या. गाडी थंड असतां टक् टक् असा आवाज येतो आणि तापल्यावर थांबतो, तर मॅनिफोल्डाजवळच्या सांध्यांत फट असावी. तापलेलें लोखंड फुगून ती बुजवितें, एवढेंच. गाडी उभी असतां पत्रा झणझणतो, तर उष्णता अडविणाऱ्या पत्र्याचा बोल्ट सुटला असावा. गतिरोधकावर ठोका बसतो, तर एखादी कडी तुटली असावी. सांध्याभोंवतीं काजळी दिसली, तर शंकेला जागाच नाहीं. फटींतून बाहेरची हवा नळांत शिरते, म्हणून प्रदूषण-तपासणीचे आंकडेही फसवे येतात, आणि पुढच्या भागांतील प्राणवायु मोजणारें साधन चुकीचें वाचन देऊन इंजिनाला नाहक अधिक पेट्रोल पाजतें.

घरीं कोठवर करावें यालाही मर्यादा आहे. इंजिनांत मोडलेला बोल्ट काढणें, पेट्रोलच्या टांकीजवळ वेल्डिंग करणें, कन्व्हर्टर कापणें हीं कामें जाणत्या कारागिराकडेच द्यावीं. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र कारागिराकडे गाडी देतांना ‘‘आवाज बंद करा’’ एवढेंच सांगूं नये. ‘‘हा सांधा पुन्हां पुन्हां कां सुटतो तें शोधा’’ असें सांगावें. पहिल्या आज्ञेचें उत्तर तार हें असूं शकतें. दुसऱ्या आज्ञेचें उत्तर त्याला नळाखालीं जाऊन शोधावें लागतें.

श्रोतेहो, येत्या सुटीच्या दिवशीं, गाडी थंड असतां, खालीं वांकून एकदां त्या रबरी कड्यांकडे पाहा. त्या सरळ लोंबत असतील तर निश्चिंत असा. एखादी तिरकी ओढलेली दिसली, तर पाना उचलण्यापूर्वीं ती कोणत्या बाजूस ओढली गेली आहे तें पाहा. दोष त्याच वाटेवर सांपडेल. आणि मागच्या आसनावरून आई, पत्नी किंवा मूल डोकें दुखतें म्हणालें, तर आलेपाकाच्या डबीआधीं गाडीची कांच उघडा.